वरच्या चार जुड्या

बारावीला मला इंग्रजीत अडतीस मार्क होते. शंभरपैकी. ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. इथे सांगते आहे, कारण पुढचं सगळं तिच्याशिवाय कळायचं नाही. त्या अडतिसांचा मला इतका राग आला की मी इंग्रजीच घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. केलं, आणि पंचवटीतल्या एका सकाळच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायला लागले. बारावीची गुणपत्रिका मात्र ट्रंकेच्या तळाशी, जुन्या साडीच्या घडीत ठेवून दिली. सासरी माझी ओळख 'इंग्रजीवाली' अशी झाली आणि मी ती होऊ दिली.

माझ्याकडे तेवढंच एक होतं. बाकी सगळ्यात माझ्या जाऊबाई माझ्यापुढे होत्या.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला मळ्यातच आहे. मेथी, कोथिंबीर, शेपू, कांदापात आणि दसऱ्याच्या बेतानं झेंडू. दुपारी आम्ही दोघी जावा कडुलिंबाखाली बसून जुड्या बांधतो आणि संध्याकाळच्या लिलावाला मोठे दीर त्या पिकअपमधून मार्केट यार्डात नेतात. माझ्या दोन जुड्या होतात तेवढ्यात जाऊबाईंच्या तीन झालेल्या असतात. त्या मुळं तळहातावर ठोकून एका पातळीत आणतात, केळीच्या सोपटाचे, म्हणजे वाळल्या सालीच्या पट्टीचे, दोन वेढे देतात, टोक आत खोचतात, की झाली. माझी जुडी पोट सुटल्यासारखी दिसते. सोळा वर्षं मी हेच करते आहे आणि सोळा वर्षं ती तशीच दिसते आहे.

आमच्याकडे शंभर जुड्या म्हणजे एकशे चार. ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. शंभर मोजायच्या आणि कोणी मागायच्या आत चार वर ठेवायच्या. त्या चार सगळ्या ढिगातल्या चांगल्या निवडायच्या, कारण घेणाऱ्यानं बारदान उघडलं की आधी त्याच दिसल्या पाहिजेत. या वरच्या चार नेहमी जाऊबाईंच्या ढिगातून जातात. माझी एकही जुडी आजवर वर बसलेली नव्हती. कोणी तसं बोलून दाखवत नाही. मोजणारा हात सरळ तिकडे जातो, एवढंच.

या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. सकाळी आमच्याच वस्तीवरच्या अंगणवाडीत त्या मदतनीस आहेत. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, झाडलोट करायची, खाऊ वाटायचा, आणि कोणाला चड्डीत झाली तर तेही निस्तरायचं. चौदा वर्षं त्यांनी हे केलं. शिकवणं, गाणी घेणं, रजिस्टर भरणं हे सेविकेचं काम. त्या सेविका बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या जागी ताई बसणार असं साऱ्या वस्तीनं ठरवून टाकलं होतं. पण आता सेविकेला बारावी पास लागते आणि ताई दहावी.

एका दुपारी मेथीचा ढीग पुढ्यात ओढत त्या म्हणाल्या, "म्या सतरा नंबरचा फॉर्म भरलाय."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. मी हातातली जुडी खाली ठेवली.

"बारावीचा?"

"मग काय चौथीचा? मराठी, इतिहास, भूगोल माझं मी बघते. इंग्रजी तू शिकव. नाय जमलं तर बाहेरची कोणी येऊन बसंल खुर्चीवर. येऊ दे, माझं काय जातंय म्हना. पन पोरांना गानी मीच शिकवते आत्तासुदिक, दार लावून. ते मला दार उघडं टाकून शिकवायचंय गं."

मी लगेच हो म्हटलं. मोठ्या मनानं म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. खरं असं की सोळा वर्षांत पहिल्यांदा ताईंनी माझ्यापुढे काहीतरी मागितलं होतं आणि मला ते फार गोड लागलं.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी मी काय करावं? अभ्यासक्रमातला पहिला धडा काढावा की नाही? मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर इंग्रजी क्रियापदांची यादी करून नेली, आणि तीही दुसऱ्याला मागे टाकण्याच्या क्रियापदांची. ही माझी फार आवडती जमात. सरपास, एक्सेल, एक्सीड ही त्यातली पोक्त मंडळी. बाकीची नुसती 'आउट' लावून तयार होतात. साधं रन असतं, त्याला आउट लावलं की आउटरन, म्हणजे पळण्यात मागे टाकणं. तसंच आउटशाइन, आउटविट, आउटलास्ट, आउटडू. आपल्याकडेही वरचढ होणं आहे, कुरघोडी करणं आहे, पुरून उरणं आहे, पण इंग्रजीत चमकण्याला वेगळं, टिकण्याला वेगळं, अक्कल चालवण्याला वेगळं. जिंकण्याचं एवढं बारीक वर्गीकरण मला दुसरीकडे कुठे भेटलेलं नाही. परीक्षेत यातलं एखादं आलं तर आलं. ही यादी बोर्डासाठी नव्हतीच, ती माझ्या मनातली होती.

उदाहरणं मी घरातली घेतली आणि सगळी ताईंच्या बाजूनं, कारण दुसऱ्या बाजूनं माझ्याजवळ नव्हतीच.

"आउटरन," मी म्हटलं. "बिबट्या आला म्हणून ओरड झाली होती, तेव्हा आपण दोघी पळालो. तुम्ही माझ्या आधी घरात पोचलात."

"आन् कडी लावली," ताईंनी आठवण करून दिली. "मग तुझा आवाज आयकून उघडली. बिबट्या नव्हता नाय तरी, पलीकडच्या मळ्यातलं वासरू व्हतं."

"वासरू होतं, पण आउटरन झालं."

आउटशाइनला मी चुलत पुतणीच्या लग्नातली गोष्ट काढली. मी येवल्याची पैठणी नेसले होते, महिनाभर ब्लाऊजवर डोकं फोडलं होतं, आणि साऱ्या मांडवानं ताईंना विचारलं, ही सुती साडी कुठली हो? आउटलास्टला हरतालिकेचा उपास. मी दुपारी चारला स्वयंपाकघरात जाऊन चोरून चहा प्यायले, ताई दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब न घेता बसल्या. हा चहा त्यांना ठाऊक होता हे मला त्या शिकवणीत कळलं. "दूध कमी झालं व्हतं पातेल्यात," त्या शांतपणे म्हणाल्या.

एका शब्दावर मात्र त्या अडल्या. आउटलिव्ह. दुसऱ्यापेक्षा जास्त जगणं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि यादीतल्या त्या शब्दावर काट मारली.

"ह्याच्यात कसली गं शर्यत? हा नको."

"पण ताई, शब्द आहे तो."

"असू दे. मी नाय शिकत." आणि खरोखरच शिकल्या नाहीत.

बाकीची एकोणीस क्रियापदं त्यांनी आठ दिवसांत तोंडपाठ केली. मग मी पुस्तकाकडे वळले. मेथी बांधता बांधता कवितेचा अर्थ, कोथिंबीर बांधता बांधता पत्रलेखन, रविवारी सगळं सोडून व्याकरण. ताईंना एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. पंधरा वर्षं मुलं शिकवली आहेत मी, इतकं सरळ शिकणारं माणूस क्वचित मिळतं. एकदा त्यांची वही तपासताना आउटडूचं वाक्य दिसलं. 'माय सिस्टर-इन-लॉ आउटडज मी इन इंग्लिश.' मी त्याच्यावर बरोबरची खूण केली आणि माझे कान गरम झाले. ट्रंकेतली साडी आठवली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण मी पुढचं वाक्य तपासायला घेतलं.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवरून शहरातल्या केंद्रावर सोडलं आणि बाहेर रसवंतीच्या बाकावर तीन तास बसून राहिले. त्या बाहेर आल्या त्या हसतच. उजव्या हाताची बोटं चोळत होत्या.

"कसा गेला?"

"फस्क्लास. काय सोडलं नाय. चार प्रश्न लिवा म्हनले व्हते, मी सहाच्या सहा लिवले."

"सहा? चारच लिहायचे होते ना? कोणतेही चार."

"व्हय, पन सहा येत व्हते की मला. येत असून चारच द्यायचे? आन् ते शंभर शब्दांत लिवा म्हनत व्हते, तिथं मी दीड पान दिलं. बघनाऱ्याला वाटाया नको, बाईनं मोजून-मापून लिवलंय."

"आणि शेवटचं पत्र? मोठे दोन प्रश्न होते शेवटी."

त्यांचा चेहरा जरा उतरला. "तेवढं ऱ्हायलं. घंटाच झाली."

एवढं शिकवलं, एक्सीडसुद्धा शिकवलं, मर्यादा ओलांडणं म्हणून अर्थही सांगितला, पण ज्या बाईनं उभ्या आयुष्यात शंभराला शंभर कधी दिले नाहीत तिला पेपरात चाराला चारच द्यायचे असतात हे सांगायचं मला सुचलं नाही. मला वाटलं होतं, हे काय सांगायचं?

मे महिन्यात निकाल लागला. मोबाइलवर मीच बघितला. मराठी त्रेसष्ट, इतिहास अठ्ठावन्न, बाकीचे विषय पास. इंग्रजी सत्तावीस. नापास.

आता जे लिहिते आहे ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. तो सत्तावीस आकडा बघून पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. अडतिसाच्या खाली होता तो. कुठल्या तरी एका गोष्टीत ताई माझ्या मागे होत्या आणि ते बोर्डानं छापून दिलं होतं. मोबाइल खाली ठेवेपर्यंतच टिकलं ते. मग समोर बघितलं तर ताई सोपटाचे तुकडे करत बसल्या होत्या, माझ्या तोंडाकडे न बघता, आणि तुकडे गरजेपेक्षा फार जास्त झाले होते.

"गेलं ना?" त्या म्हणाल्या.

"इंग्रजी तेवढं."

"मंग गेलंच की." आणि पुढच्या जुडीला हात घातला. त्या दुपारी पहिल्यांदा मी त्यांच्याइतक्या जुड्या बांधल्या. त्यांचा हात चालत नव्हता. मला ती बरोबरी अजिबात आवडली नाही, आणि स्वतःचा इतका राग आला की संध्याकाळी मी नवऱ्याशी विनाकारण भांडले. त्याला आजतागायत कळलेलं नाही की त्यानं काय केलं होतं.

जुलैत पुरवणी परीक्षा होती. सेविका बाई ऑगस्टअखेर निवृत्त होणार होत्या. म्हणजे हीच एक संधी.

या वेळी मी पुस्तक उघडलंच नाही. पुस्तक त्यांना माझ्याइतकं येत होतं. त्यांना थांबणं शिकवायचं होतं. तोंडानं सांगून बघितलं, "ताई, चार म्हणजे चार." त्या मान हलवायच्या आणि सराव पेपरात पाचवा लिहायच्याच. शेवटी मी जुड्यांवर आले. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्यासमोर मोजून चार जुड्या ठेवायच्या आणि उरलेल्या सगळ्या टोपलीत टाकून वर ओलं पोतं झाकायचं. एक उत्तर झालं की एक जुडी बाजूला. समोरच्या संपल्या की पेन खाली.

पहिल्या दिवशी त्यांनी पोत्याखाली हात घातला. मी हातावर चापट मारली. मोठ्या जावेच्या हातावर! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो, मग त्याच आधी हसल्या. "मारकी म्याडम हाय बाई ही," असं सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या.

"कमी दिल्यावानी वाटतं गं," एकदा त्या कळवळून म्हणाल्या. "समोरचा मानूस एवढा पेपर तपासनार, उकाड्याचा, घामाघूम व्हऊन. त्याला वरचं एखादं नको का?"

"त्याला नको आहे, ताई. वरचं बघतही नाही तो."

"बघत नाय?" हे त्यांना खरंच नवीन होतं. "मंग कसलं गिऱ्हाईक हाय ते." पण त्या दिवसापासून पाचवा लिहिणं थांबलं.

जुलैच्या पेपरानंतर त्या बाहेर आल्या त्या तोंड पाडून.

"काय झालं?"

"मोजून दिलं सगळं. शेवटचं पत्रबी झालं. धा मिनिटं उरली व्हती, तशीच बसून ऱ्हायले हात बांधून." आणि स्कूटीवर मागे बसता बसता म्हणाल्या, "जिवावर आलं बघ."

मला तिथेच नाचावंसं वाटलं.

निकालाच्या दुपारी आम्ही कडुलिंबाखालीच होतो. सासरे खाटेवर, सासूबाई उंबऱ्यात, दीर पिकअप पुसायचं निमित्त करून जवळच. मी आसन क्रमांक टाकला. पान उघडेना. रेंज आमच्याकडे विहिरीजवळ येते, म्हणून मी विहिरीकडे पळाले आणि ताई मागून आल्या. माझ्या आधी पोचल्या, सांगायला नको.

इंग्रजी, बेचाळीस. पास.

ताईंनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन तो आकडा स्वतः वाचला, मग बोटानं मोठा करून पुन्हा वाचला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं सोडून त्या हसत होत्या. मी त्यांना मिठी मारली. सोळा वर्षांत आम्ही असलं काही केलेलं नव्हतं, त्यामुळे दोघींना हात कुठे ठेवायचे ते नीट कळलं नाही.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुला किती व्हते गं बारावीला?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मला ऐंशी असतील, आपण त्याच्या अर्ध्यावर तरी पोचलो, एवढंच त्यांना मोजायचं होतं. 'चांगले होते' म्हणायची माझी जुनी सवय जिभेवर आली होती. पण मे महिन्यातला तो क्षण आठवला, तो बरं वाटल्याचा, आणि मला ते आणखी एक दिवस जवळ बाळगायचं नव्हतं.

"अडतीस," मी म्हटलं.

"थट्टा करती का?"

"नाही. ट्रंकेत आहे, दाखवते. तुम्ही मला मागे टाकलंत, ताई. आणि तुम्ही नापास झालात तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. तेही सांगते."

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. रागावतील, निदान दुसरीकडे बघतील असं वाटलं होतं. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"म्हंजी अडतीस तू दिले," त्या म्हणाल्या, "आन् वरचे चार घरच्या रीतीचे." आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. हातावरच्या चापटीची फेड झाली असणार. "चल. मेथी सुकाया लागली."

घरात ओरडाआरड झाली, सासऱ्यांनी पेढे आणायला दिरांना पिटाळलं, सासूबाईंनी मार्क विचारून घेतले आणि शेजारच्या मळ्यात सांगायला निघून गेल्या. आम्ही दोघी पुन्हा ढिगापुढे बसलो. लिलाव काही आमच्या निकालासाठी थांबणार नव्हता.

जुड्या झाल्यावर ताई मोजायला उठल्या. शंभर मोजल्या, बारदानात रचल्या. मग त्यांचा हात वरच्या चारांसाठी निघाला, तो त्यांच्या ढिगाकडे न जाता माझ्याकडे आला. एक, दोन, तीन, चार. त्यातली एक ढिली होती, नेहमीसारखीच पोट सुटलेली. ताईंनी ती हातात फिरवून बघितली. मला वाटलं, आता ठेवून देतील. त्यांनी सोपट सोडलं, मुळं तळहातावर ठोकली, पुन्हा दोन वेढे देऊन आवळली आणि सगळ्यांत वर ठेवली.